पतसंस्थेची ११ मशीनं, १४ एजंटांचे फोन आणि मी एकटा: कुठून सुरुवात करू?

हिशेबनीस | सोमवार, रात्री १०:४२

मंडळी, जरा लांबड लावतोय, सांभाळून घ्या.

मी एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत हिशेबनीस आहे. मुख्य कार्यालय आणि तीन शाखा. कॉम्प्युटर शिकलेलं आमच्यात कुणी नाही, पण प्रिंटर अडकला की हाक मलाच येते, त्यामुळे गेली सात वर्षं मीच 'आयटी विभाग'. पगारपत्रकात त्याचा उल्लेख नाही.

गेल्या मंगळवारी आमच्या एका पिग्मी एजंटाला व्हॉट्सॲपवर ओळखीच्याच नंबरावरून एक फाइल आली. नाव 'आरटीओ चलान', शेपटीला एपीके, म्हणजे फोनवर ॲप बसवणारी फाइल. याची गाडी आदल्याच दिवशी चौकात नो-पार्किंगमध्ये उभी होती, त्यामुळे याला वाटलं, आलंच. दाबलं. फोनने विचारलं, अनोळखी ठिकाणाहून ॲप घेऊ का? हो. एसएमएस वाचू का? हो. उघडल्यावर नुसता पांढरा पडदा. याने फोन खिशात टाकला आणि फेरीला निघाला. दुपारी दीडच्या सुमाराला भाजीबाजारातल्या एका आजींनी त्याला थांबवलं. "काय रे, मला कसलं चलान पाठवलंस? माझी तर हातगाडी आहे."

तोवर त्याच्या नंबरावरून तीच फाइल सगळ्यांना गेली होती. सगळे म्हणजे आमचे २१२ ठेवीदार. नाव, दुकान आणि वारासकट सेव्ह केलेले.

पैसे गेले ते एजंटाच्याच खात्यातून, ४,८०० रुपये. ठेवीदारांपैकी दोघांनी फाइल उघडली होती, त्यांचे फोन वेळेत बंद करायला लावले.

आता चेअरमन साहेब म्हणतात, एखादा चांगला अँटीव्हायरस घ्या आणि विषय संपवा. एका विक्रेत्याने 'कंप्लीट सायबर सिक्युरिटी' म्हणून ३ लाख ४० हजारांचं कोटेशन दिलंय, त्यात फायरवॉलची एक पेटी आहे. मला मिळाले तर साठ हजार मिळतील. सांगा.

खडीसाखर | सोमवार, रात्री १०:५८

हातगाडीचं चलान! आजींना नमस्कार सांगा.

वाचतेय. आमच्या शाळेतही असाच आयटी विभाग आहे, चित्रकलेचे सर.

वायरमन | सोमवार, रात्री ११:३०

वीस वर्षं ऑफिसांची नेटवर्कं टाकतोय म्हणून अधिकारवाणीने सांगतो: ते कोटेशन ड्रॉवरमध्ये टाका आणि शंभर पानी वही घ्या.

वहीत काय लिहायचं? प्रत्येक मशीन कुठे आहे, कोण वापरतं, विंडोज कुठलं, अस्सल की चोरीचं. रोजचं लॉगिन ॲडमिनचं, म्हणजे मशीनवरचे सगळे अधिकार असलेलं, आहे का? राउटरचा पासवर्ड कुणाकडे आहे? सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस दुरुस्तीला बाहेरून आत कसा येतो? सर्व्हर तुमच्याकडे की क्लाउडवर? आणि बॅकअप घेता का हे मी विचारतच नाही, सगळे घेतात. तो परत चढवून शेवटचा कधी पाहिला, ते लिहा.

आपल्याकडे काय आहे हेच माहीत नसेल तर राखणार काय?

हिशेबनीस | बुधवार, रात्री ९:१५

वही घेतली. दोन दिवस शाखा हिंडलो. जे सापडलं ते जसंच्या तसं लिहितो, हसू नका.

१. मशीनं ११ नाहीत, १३ आहेत. एक मुख्य कार्यालयात जुन्या फायलींच्या गठ्ठ्याखाली चालूच होतं. सगळे समजत होते की ते सीसीटीव्हीचं आहे. सीसीटीव्हीची पेटी वेगळीच निघाली. हे कशाचं, ते कुणालाच सांगता येईना. विंडोज ७.

२. सगळीकडे एकच लॉगिन, 'ॲडमिन'. पासवर्ड संस्थेचं स्थापना वर्ष. ते बाहेर पाटीवर दीड फुटी अक्षरांत रंगवलेलं आहे.

३. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी एनीडेस्क (दुरून आपलं मशीन चालवता येणारा प्रोग्रॅम) कायम चालू, त्याला कायमचा पासवर्ड. हा पासवर्ड ज्या मुलाने ठेवला त्याने ती कंपनी सोडून दीड वर्ष झालं.

४. दोन मशीनवर चोरीचं विंडोज ॲक्टिव्हेटर मारून चालू केलेलं, म्हणजे परवान्याची अट चुकवणारा प्रोग्रॅम चालवून.

५. बॅकअप रोज रात्री आठला होतो, हिरवी टिक येते. परत चढवून कधीच पाहिलेला नाही.

वायरमन | बुधवार, रात्री १०:०५

हसत नाहीये. मोठ्या ऑफिसांत याहून वाईट पाहिलंय, तिथे फक्त कारपेट असतं.

ते विंडोज ७ आजच बंद करा. कुणाची बोंब आली तर ते कशाचं होतं हेही कळेल. वॅनाक्राय आठवतंय? फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर. १२ मे २०१७ ला सुरू झालं, दीडशेच्या वर देशांत पसरलं, ब्रिटनमध्ये सरकारी इस्पितळांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या भोकातून ते शिरलं ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. दोन महिने औषध घरात पडून होतं आणि कुणी घेतलं नाही. फटका बसलेल्यांत बहुतेक मशीनं विंडोज ७ चीच होती. आता तर त्याला अपडेटच नाहीत, २०२० च्या जानेवारीपासून. विंडोज १० चंही मोफत औषधपाणी १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं, तेव्हा वहीत त्यांच्यापुढे फुली मारा.

दुसरं, ॲक्टिव्हेटर. तो चालवण्याआधी काय सांगतात? 'अँटीव्हायरस बंद करा.' चोराने दाराची कडी आपल्यालाच काढायला लावायची आणि आपण काढायची. ती दोन मशीनं पुसून नव्याने भरा, अस्सल परवाना घ्या. साठ हजारांतला पहिला खर्च हा.

तिसरं काम फुकटात होतं. प्रत्येक माणसाचं वेगळं लॉगिन, तेही साधं, ॲडमिनचं नाही. ॲडमिनचा पासवर्ड पाकिटात घालून तिजोरीत. साध्या लॉगिनवर कुणी चुकून काही दाबलं तरी ते मशीनभर सहज हातपाय पसरू शकत नाही. लोक कुरकुरतील, 'प्रिंटर टाकायलाही तुम्हाला बोलवायचं का?' हो, बोलवायचं.

अँटीव्हायरससाठी मी भांडणार नाही. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आज पुरेसा चांगला आहे, अट एकच, तो चालू असला पाहिजे. सगळ्या मशीनचा हाल एका पडद्यावर बघायचा असेल तर विकतचा घ्या. आपल्या पुण्याचाही आहे, १९९५ पासूनचा.

पेंग्विनप्रेमी | बुधवार, रात्री १०:४०

विंडोज काढून सगळीकडे लिनक्स टाका. प्रश्नच मिटला.

वायरमन | बुधवार, रात्री १०:४३

आलात? वाटच बघत होतो. पासबुक प्रिंटर चालवून दाखवा, मग बोलू.

पेंग्विनप्रेमी | बुधवार, रात्री ११:२०

पासबुक प्रिंटर असेल तर माघार घेतो.

माळरान | गुरुवार, दुपारी २:१०

बॅकअपचा विषय निघाला म्हणून सांगते. आधी मी एका अडत दुकानात हिशेब लिहायचे. एका सोमवारी सकाळी टॅली उघडलं तर कंपन्यांच्या यादीत एकही नाव नाही. फोल्डर उघडला. प्रत्येक फाइलच्या नावापुढे पाच-सहा अक्षरांचं काहीबाही चिकटलेलं, सगळे आयकॉन पांढरे. आणि प्रत्येक फोल्डरात नोटपॅडची एक चिठ्ठी. इंग्रजी फार अदबीचं होतं हो. 'काळजी करू नका, तुमच्या फायली सुरक्षित आहेत.'

शेठ म्हणाले, बॅकअप आहे ना? होता की. बॅकअपची हार्ड डिस्क वर्षभर त्याच मशीनला खोचलेली. तिच्यातही पांढरे आयकॉन.

शेठना रात्री घरून हिशेब बघायचा असायचा, म्हणून कुणीतरी रिमोट डेस्कटॉप सरळ इंटरनेटवर उघडा ठेवून दिला होता. पासवर्ड मुलीचं नाव आणि पुढे १२३.

वाचवलं ते सीए साहेबांनी. ऑडिटला दिलेला ३१ मार्चचा डेटा त्यांच्या कपाटात एका पेनड्राइव्हवर पडून होता. ऑगस्ट चालू होता. साडेचार महिन्यांची व्हाउचरं मी आणि अजून एकीने २३ दिवसांत पुन्हा मारली. कच्च्या चोपड्या होत्या म्हणून जमलं. त्याच चोपड्यांना आम्ही 'आता कशाला' म्हणून हसायचो. माझा उजवा अंगठा अजून दुखतो.

वायरमन | गुरुवार, दुपारी ३:००

ताई, हे छापून ऑफिसात लावायला हवं.

हिशेबनीस, दोन डिस्क घ्या. एक सोमवार-बुधवार-शुक्रवारची, दुसरी मंगळवार-गुरुवार-शनिवारची. बॅकअप झाला की डिस्क उपसायची आणि तिजोरीत. तिसरी प्रत महिन्यातून एकदा दुसऱ्या शाखेत, कुलूप घातलेली. व्हायरस कितीही हुशार असला तरी न खोचलेल्या डिस्कमध्ये शिरत नाही.

रॅन्समवेअर झालंच तर खंडणी देण्याआधी 'नो मोअर रॅन्सम' बघा. युरोपोल आणि डच पोलिसांनी २०१६ मध्ये काही कंपन्यांबरोबर सुरू केलेलं संकेतस्थळ आहे, कित्येक जुन्या प्रकारांच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात. नव्यांच्या मिळतीलच असं नाही.

सातबारा | गुरुवार, संध्याकाळी ७:४५

एवढा बाऊ कशाला? जगातल्या मोठमोठ्या बँका सोडून कोण येतंय तुमच्या तालुक्याच्या पतसंस्थेत? घाबरवून सामान खपवायचे धंदे.

अनुस्वार | गुरुवार, रात्री ९:३०

सातबारा, वायरमन काही विकत नाहीयेत, त्यांनी तर कोटेशन ड्रॉवरमध्ये टाकायला सांगितलं. पण मुद्द्याला उत्तर देतो.

पुण्याची कॉसमॉस बँक. ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. एटीएमचं कार्ड खरं का आणि खात्यात पैसे आहेत का, हे विचारणारा निरोप बँकेच्या यंत्रणेपर्यंत पोचूच दिला नाही, मध्येच बसवलेली खोटी यंत्रणा 'हो, द्या' म्हणत राहिली. नकली कार्डांवर २८ देशांत पैसे निघाले, आपल्या कोल्हापुरातही. सोमवारी स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय निरोप-जाळ्यावरून, हाँगकाँगला आणखी गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. आपलीच सहकारी बँक, नागरी. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली, तेही मुख्यतः पैसे काढणारे हात.

जुलै २०२४ अखेरचं तर त्याच्याही नंतरचं आहे. सी-एज या तंत्रज्ञान पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने खबरदारी म्हणून तिला आपल्या जाळ्यातून तोडलं. तीनशेच्या आसपास लहान बँकांची यूपीआय-एटीएमची देवाणघेवाण दोनेक दिवस अडली. त्या बँकांनी स्वतः काही चूक केली होती का? नाही. वाटेत होत्या.

आणि जून २०१७ चं नॉटपेट्या, असंच एक घातक सॉफ्टवेअर. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून निघालं, मर्स्क या जहाज कंपनीत शिरलं आणि आपल्या न्हावाशेवाच्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. हिशेबाचं सॉफ्टवेअर, हिशेबनीस! तेव्हा तो एनीडेस्कचा पासवर्ड आजच्या आज काढा.

सातबारा | गुरुवार, रात्री ९:५२

बरं. कोल्हापूरचं माहीत नव्हतं.

उंबरठा | शुक्रवार, सकाळी ११:०५

सगळे मशीनांवरच बोलताय. आग लागली ती फोनला.

मी गोव्यात एका सामाजिक संस्थेत आहे, आमचे चाळीसेक कार्यकर्ते स्वतःच्या फोनवर भेटींच्या नोंदी करतात. म्हणून पहिला प्रश्न, त्या एजंटाच्या फोनचं पुढे काय केलंत? नुसतं ॲप काढून टाकलं असेल तर ते पुरेसं नाही. असली काही ॲप्स आयकॉन लपवून मागेच बसतात. आधी विमान मोड. दुसऱ्या फोनवरून बँकेचे पासवर्ड बदला. सिम दुसऱ्या फोनात घाला आणि तिथे व्हॉट्सॲपमधली जोडलेली उपकरणं काढा, दोन टप्प्यांचा पिन लावा. स्टार-हॅश-२१-हॅश फिरवून कॉल दुसरीकडे वळवलेत का बघा. मग फोटो काढून घ्या आणि फोन पूर्ण पुसा.

आता बाकीचे तेरा. अँड्रॉइड ८ पासून अनोळखी ॲप घ्यायची परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी असते. सेटिंगमध्ये जाऊन व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल मॅनेजर या तिघांची ती बंद करा. फोनमागे दोन मिनिटं लागतात, आणि मंगळवारचा प्रकार तिथेच अडला असता.

मुळात ठेवीदारांचे २१२ नंबर त्याच्या खासगी संपर्कांत का? पिग्मीच्या ॲपमध्ये नाव-नंबर असतातच ना? तिथूनच फोन लावू देत. उद्या त्याने काम सोडलं तर ती यादी त्याच्याबरोबर जाणार.

फोन हरवला तर पोलिसांत तक्रार आणि संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आयएमईआय (फोनचा स्वतःचा क्रमांक) बंद करणे. मे २०२३ पासून ही सोय देशभर आहे. पण त्याच्याही आधी तुमच्या सर्व्हरवरून त्या एजंटाचं लॉगिन बंद करा. ते बंद करायचा अधिकार कुणाकडे आहे, वहीत लिहिलंय का?

फेरीवाला | शुक्रवार, दुपारी १:२०

मी स्वतः पिग्मी एजंट आहे (वेगळ्या जिल्ह्यात). फोन आमचा, रिचार्ज आमचं, उन्हात आम्ही, कमिशन किती ते सगळ्यांना ठाऊक. वरून संस्था आमच्या फोनात घुसून सेटिंगं बदलणार? बायकोचे फोटो असतात त्यात.

उंबरठा | शुक्रवार, दुपारी १:५५

दादा, रास्त आहे तुमचं. आमच्याकडेही यावरून दोन बैठका वादळी झाल्या.

आम्ही अँड्रॉइडचं वर्क प्रोफाइल वापरतो. फोनातच कामाचा वेगळा कप्पा, त्यातल्या ॲपवर बॅगेचं छोटं चिन्ह येतं. संस्थेला त्या कप्प्यातलंच पुसता येतं, तुमचे फोटो-मेसेज तिला दिसत नाहीत. माणूस सोडून गेला की कप्पा पुसला, विषय संपला. तेही नको असेल तर संस्थेने साधे फोन विकत घेऊन द्यावेत. खर्चाला भिऊन दुसऱ्याच्या खिशातला फोन वापरायचा आणि हक्क मात्र आपला, हे मलाही पटत नाही.

हिशेबनीस | शुक्रवार, रात्री ८:३०

तुमच्या यादीतलं कॉल वळवण्याचं माहीत नव्हतं. बघितलं तर वळवलेले होते! त्याचा फोन आज पुसला.

पासवर्डचं विचारायचं होतं. आमचे एक संचालक म्हणतात दर तीस दिवसांनी सगळ्यांना बदलायला लावा.

वायरमन | शुक्रवार, रात्री ९:००

लावाल तर लोक शेवटचा आकडा वाढवत नेतील आणि स्क्रीनच्या कडेला चिठ्ठी चिकटवतील. मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेनेही २०१७ मध्ये सांगितलं की ठरावीक मुदतीने बदलायची सक्ती नको, फुटल्याचा संशय असेल तेव्हा बदला. लांब ठेवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द, रोमनमध्ये. 'चकली-तराजू-गंज-पाऊस' अशा धाटणीचे. हाच ठेवू नका, आता तो गावभर झाला. ईमेलला आणि क्लाउडला पासवर्डनंतर ओटीपीसारखा दुसरा टप्पा लावाच.

आणि ती सीसीटीव्हीची पेटी विसरू नका. कंपनीकडून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेल्या कॅमेऱ्यांच्या पेट्या आणि राउटर गोळा करूनच २०१६ मध्ये इंटरनेटवर हल्ले करणारी मिराई नावाची फौज उभी राहिली होती. आपली पेटी काउंटरच्या मशीनांपासून वेगळ्या नेटवर्कवर टाका. सभासदांना वायफाय देत असाल तर तेही वेगळं.

अनुस्वार | शनिवार, सकाळी १०:१५

वकिली टोपी घालून दोन गोष्टी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवायचं असतं, आणि १८० दिवसांचे लॉग, म्हणजे यंत्रणेतल्या घडामोडींच्या नोंदी, ठेवायचे असतात. 'हे कंपन्यांना, आम्हाला नाही' असं संचालक म्हणतील. निर्देशांत निगम निकाय (बॉडी कॉर्पोरेट, कायद्याने स्वतंत्र अस्तित्व असलेली संस्था) असा शब्द आहे, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे नोंदणी झालेली संस्था निगम निकायच असते.

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला ताबडतोब फोन. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असतात, मधे कुठे गोठवता आले तर आले. तासाभराने केलेला फोन आणि दुसऱ्या दिवशी दिलेला अर्ज यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. एजंटाने केला होता का?

हिशेबनीस | शनिवार, सकाळी १०:४०

नाही. आधी तो मला सांगायलाच घाबरत होता. काम जाईल म्हणून. संध्याकाळी सहाला आला, तोही आजींनी ढकललं म्हणून.

उंबरठा | शनिवार, सकाळी ११:००

मग साठ हजारांतलं काही खर्चण्याआधी एक परिपत्रक काढा, 'चुकून काही दाबलं आणि लगेच सांगितलं तर कारवाई नाही.' चेअरमनच्या सहीने.

हिशेबनीस | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:५०

धागा वर काढतोय, खूप जणांनी विचारलं म्हणून.

परिपत्रक निघालं. त्यानंतर चार एजंटांनी जुनी प्रकरणं आपणहून सांगितली, त्यातली दोन मला झोप न येऊ देणारी. चौदाही फोनांतल्या परवानग्या बंद केल्या. वर्क प्रोफाइल तूर्त सहा जणांनी मान्य केलंय. एनीडेस्कचा कायमचा पासवर्ड काढला, आता सॉफ्टवेअरवाल्याला आधी फोन करून परवानगी घ्यावी लागते, तो चिडलाय. विंडोज ७ वालं बंद केल्यावर चार दिवसांनी शाखा क्रमांक दोनमधून बोंब आली: त्यांचा जुना शेअर-रजिस्टरचा फोल्डर त्यात होता. आतापर्यंत खर्च ३१,६०० रुपये. परवाने आणि दोन डिस्क.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. काल शनिवारी काउंटर बंद झाल्यावर सॉफ्टवेअरवाल्याला समोर बसवलं आणि बॅकअप एका रिकाम्या मशीनवर चढवायला लावला. शेवटची फाइल निघाली १७ जूनची. त्यानंतर काहीच नाही. शोधलं तेव्हा कळलं, जूनमध्ये झाडलोट करताना डिस्क एका भोकातून काढून दुसऱ्यात खोचली गेली. आधी ती 'ई' होती, नंतर 'एफ' झाली. बॅकअपचा प्रोग्रॅम बिचारा रोज रात्री आठला, नसलेल्या 'ई'वर लिहायला जायचा. आणि हिरवी टिक? लिहिलं गेलं की नाही हे तो तपासतच नव्हता, शेवटच्या ओळीत 'बॅकअप यशस्वी' छापायचं एवढंच त्याला सांगितलेलं. मी ती टिक इतके दिवस रोज बघून घरी जात होतो.

माळरान ताई, तुमची गोष्ट छापून लावली आहे. पासबुक प्रिंटरच्या वर.

उद्या चेअरमन साहेबांच्या फोनची पाळी. मोठ्या रकमांचे ओटीपी त्याच फोनवर येतात. दिवसभर तो त्यांच्या नातवाकडे असतो आणि पिन फक्त नातवालाच माहीत आहे.